तपकिरी बटूंच्या अंगणातली धूळ

गेल्या उन्हाळ्यातल्या आपल्या मंडळाच्या शिबिराची शनिवारची रात्र अनेकांना आठवत असेल. पावभाजी संपली होती, अंताक्षरीचे सूर अजून तंबूतून येत होते आणि आम्ही आठ-दहा जण मुलांना घेऊन मागच्या मैदानात आकाश बघायला गेलो होतो. दक्षिणेला झाडांच्या वर वृश्चिक रास छान दिसत होती. मी लाल तारा दाखवून म्हटले, "ही ज्येष्ठा. आणि तिच्या उजवीकडे हे जे तीन तारे ओळीत आहेत ना, ती अनुराधा." लगेच सांगलीहून मुलाकडे आलेल्या एक आजी म्हणाल्या, "अगंबाई, अनुराधा तर माझं जन्मनक्षत्र! सत्तर वर्षं पत्रिकेत वाचतेय, आज पहिल्यांदा बघितलं."

तेवढ्यात एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीने विचारले, "काका, तिथे ब्राऊन ड्वार्फ पण असतात ना? आमच्या टीचर म्हणाल्या, ते फेल झालेले स्टार असतात." मी म्हटले, "हो, असतात." त्यावर तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग फेल झाल्यावर ते काय करतात?"

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, आकाशाचा छंद फक्त हौसेचा. त्या रात्री काहीतरी थातुरमातुर सांगून मी वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनातून जाईना. नंतरचे काही महिने मिळेल तो वेळ त्यावर वाचण्यात घालवला. गंमत म्हणजे, तिच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग आम्ही ज्या अनुराधा-ज्येष्ठेकडे बघत होतो, तिथेच सापडला! तीच कथा या लेखात सांगायची आहे.

कागदावर जन्मलेला तारा

सूर्यासारखा तारा प्रकाशतो, कारण त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत असते. ही भट्टी पेटायला गाभा पुरेसा तापावा लागतो आणि त्यासाठी ताऱ्याचे वस्तुमान पुरेसे असावे लागते. मग ते कमी पडले तर? हा प्रश्न १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून अमेरिकेत आलेल्या एका तरुण शास्त्रज्ञाने घेतला. त्यांचे नाव शिव कुमार. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी गणिताने दाखवले, की सूर्याच्या सुमारे ७ टक्क्यांहून कमी वस्तुमानाच्या गोळ्यात हायड्रोजनची भट्टी कधीच नीट पेटणार नाही. तो आकुंचन पावेल, काही काळ मंद तापेल आणि मग कोट्यवधी वर्षे निवत राहील. त्याच वर्षी जपानमध्ये हायाशी आणि नाकानो हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोहोचले.

कुमारांनी या गोळ्यांना 'ब्लॅक ड्वार्फ' म्हटले होते. पण हे नाव पूर्ण विझलेल्या श्वेत बटूंसाठी आधीच वापरात होते. तेव्हा १९७५ मध्ये जिल टार्टर या तरुण संशोधिकेने 'ब्राऊन ड्वार्फ' हा शब्द सुचवला. आपण त्याला तपकिरी बटू म्हणू. प्रत्यक्षात ते तपकिरी नसतातच, डोळ्यांना दिसले तर काळपट लालसर दिसतील. पण नाव चिकटले ते चिकटले, आणि त्याच्यासोबत 'नापास तारा' हे बिरुदही!

नाव मिळाले, पण माणूस मात्र सापडत नव्हता. वीस वर्षे शोध चालला. अखेर १९९५ साली एकाच वर्षात कोंडी फुटली. स्पेनच्या रेबोलो आणि सहकाऱ्यांनी कृत्तिकांमध्ये 'टेडे १' शोधला. कॅलिफोर्नियात गिबोर बास्री आणि सहकाऱ्यांनी त्याच कृत्तिकांमधल्या दुसऱ्या एका गोळ्यात लिथियम शिल्लक असल्याचे दाखवले, म्हणजे तो पुरेसा तापलाच नव्हता. आणि पालोमार वेधशाळेतून ग्लीझ २२९ या ताऱ्याचा मंद सोबती दिसला. बत्तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेले गणित आकाशात खरे ठरले.

घराबाहेर काढलेली भावंडे?

आता नवा प्रश्न उभा राहिला: हे बटू जन्मतात कसे? तारे जन्मतात ते वायू आणि धुळीच्या ढगांतून. ढगाचा एखादा भाग स्वतःच्या वजनाने कोसळतो. तो थोडाफार फिरत असतो, त्यामुळे सगळा ऐवज सरळ मध्यभागी न पडता भोवती एक फिरती तबकडी तयार होते. कान्ट आणि लाप्लास यांनी अठराव्या शतकातच आपल्या सूर्यमालेबद्दल अशी कल्पना मांडली होती. या तबकडीतूनच पुढे ग्रह घडतात.

पण २००१ मध्ये बो राइपुर्थ आणि कॅथी क्लार्क यांनी बटूंसाठी वेगळाच विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे, की ढगात एकाच वेळी अनेक ताऱ्यांचे गर्भ वाढत असतात. त्यांच्यात खेचाखेच होते आणि जो लहान असतो तो बाहेर फेकला जातो. अन्नाच्या ताटावरून उठवलेल्या पोरासारखा तो पुढे वाढू शकत नाही. म्हणजे बटू हा नापास तर आहेच, शिवाय घराबाहेर काढलेला! असे असेल, तर या धक्काबुक्कीत त्याची तबकडी तुटून जायला हवी. राहिलीच तर अगदी छोटी, आणि तीही लवकर संपणारी. म्हणजे निकाल धुळीच्या हाती होता.

पण शेकडो प्रकाशवर्षे दूरची धूळ दिसणार कशी? गॅस बंद केल्यावर तवा लाल दिसत नाही, पण हात जवळ नेला तर धग कळते. ताऱ्याभोवतीची कोमट धूळही अशीच असते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त किरण सोडते. बटू स्वतः किती अवरक्त प्रकाश देईल याचा हिशेब मांडता येतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त मिळाला, तर तो जास्तीचा प्रकाश भोवतीच्या धुळीचा!

युरोपच्या 'आयएसओ' या अवरक्त दुर्बिणीने दक्षिण आकाशातल्या कॅमेलियन, म्हणजे सरडा, या तारकासमूहातल्या काही कोवळ्या बटूंकडून असा जास्तीचा प्रकाश टिपला होता. २००१ मध्ये अँटोनेला नट्टा आणि लिओनार्डो टेस्टी यांनी दाखवले, की तो ताऱ्यांभोवती असते तशाच तबकडीने समजावता येतो. त्याच वर्षी मृगातल्या तेजोमेघातल्या सुमारे शंभर संभाव्य बटूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ दोन-तृतीयांश बटूंभोवती धुळीची खूण होती. २००५ मध्ये केव्हिन लुमन यांच्या गटाला कॅमेलियनमध्ये गुरूच्या केवळ आठपट वस्तुमानाचा गोळा तबकडीसह सापडला. आणि २००६ मध्ये अलेक्स शोल्झ, मूळचे श्रीलंकेचे रे जयवर्धन आणि केनेथ वुड यांनी वृषभेतल्या वीस बटूंच्या गार धुळीचे वजन करून पाहिले. निदान पाव बटूंभोवतीच्या तबकड्या पृथ्वी-सूर्य अंतराच्या दहापटींहून मोठ्या निघाल्या. एवढे मोठे अंगण शाबूत असणारा घराबाहेर फेकलेला असेल, असे म्हणणे अवघड झाले. काही बटू तसे जन्मत असतीलही, पण बहुतेक बटू ताऱ्यांसारखेच, आपापल्या ढगात, आपापले बिऱ्हाड मांडूनच जन्मतात, हे मत बळकट झाले.

अनुराधेतले पस्तीस जण

तबकडी आहे हे ठरले. आता तिचे पुढे काय होते? एकच तबकडी लाखो वर्षे बघत बसणे कोणालाच शक्य नाही. त्यावर खगोलशास्त्रज्ञांची युक्ती आपल्या मंडळाच्या ग्रुप फोटोसारखी आहे. एकाच फोटोत तान्हे बाळ, शाळकरी मुले, तरुण आणि आजोबा असतात. ते बघून माणूस कसा वाढतो ते कळते. तसे वेगवेगळ्या वयांचे तारकासमूह निवडायचे आणि त्यांची तुलना करायची.

वृषभ आणि कॅमेलियनमधली पोरे साधारण १० ते ३० लाख वर्षांची. थोडे मोठे कोण? तर आमच्या आजींची अनुराधा! अनुराधेचे तारे आणि ज्येष्ठा हे सारे एकाच मोठ्या कुळातले. खगोलशास्त्रज्ञ या कुळाला 'अपर स्कॉर्पियस' म्हणतात. ते आपल्यापासून सुमारे पावणेपाचशे प्रकाशवर्षे दूर आहे. २००७ मध्ये शोल्झ, जयवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'स्पिट्झर' या अवकाश दुर्बिणीने इथल्या ३५ बटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळी या कुळाचे वय ५० लाख वर्षे मानले जाई.

त्यांना काय दिसले? ३५ पैकी १३ जणांभोवती, म्हणजे ३७ टक्क्यांभोवती, धूळ शिल्लक होती. याच कुळातल्या सूर्याहून थोड्या लहान ताऱ्यांमध्ये हे प्रमाण साधारण १९ टक्केच निघाले होते. म्हणजे जो लहान, त्याचे अंगण जास्त काळ टिकते असा संशय आला. फरक ठामपणे सांगण्याइतका मोठा नव्हता, आणि संशोधकांनीही तसे प्रामाणिकपणे नोंदवले.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. बटूंचे दोन स्वच्छ गट पडले होते: एक तर आतल्या भागात भरपूर धूळ, नाही तर अजिबात नाही. अर्धवट साफ झालेले असे कोणी जवळजवळ नव्हतेच. समजा, तुम्ही पुण्यातली पस्तीस मंगल कार्यालये एकाच क्षणी डोकावून पाहिलीत. तेरा ठिकाणी लग्न रंगात आहे, बाकीची रिकामी आणि झाडलेली. कुठेच खुर्च्या आवरताना माणसे दिसत नाहीत. यावरून काय कळते? लग्न बराच वेळ चालते, पण आवराआवर झटपट होते! तसेच या तबकड्यांचे. त्या लाखो वर्षे टिकतात, पण एकदा निरोपाची वेळ आली, की आतला भाग लाखभर वर्षांच्या आतच मोकळा होतो.

तिसरी गोष्ट धुळीच्या कणांची. कोवळ्या तबकडीतली बारीक धूळ वायूबरोबर वरपर्यंत तरंगते, त्यामुळे तबकडी कडेला फुगलेली असते. कण एकमेकांना चिकटून जड झाले, की खाली बसतात. तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी निवताना खाली बसते ना, तसेच काहीसे. बसलेल्या तबकडीवर बटूचा प्रकाश कमी पडतो, म्हणून तिची धगही कमी मिळते. अनुराधेतले बटू वृषभेतल्या बटूंपेक्षा नेमके असेच मंद दिसत होते. शिवाय १० मायक्रॉनच्या आसपास बारीक सिलिकेट धुळीची जी खास खूण उमटते, ती इथे पुसट होती किंवा नव्हतीच. याचा अर्थ बारीक कण संपत चालले होते, मोठे होत होते.

सिलिकेट म्हणजे काही परके नव्हे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण मुख्यतः सिलिकेट खनिजांचाच. २००५ मध्ये डॅनियल अपाई आणि सहकाऱ्यांनी कॅमेलियनमधले सहा बटू तपासले, तेव्हा पाच जणांच्या धुळीत कण वाढल्याची आणि त्यांचे स्फटिक झाल्याची चिन्हे मिळाली. असेच सिलिकेटचे स्फटिक आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंतही सापडतात. म्हणजे 'नापास' ताऱ्यांच्या अंगणात खडे घडवण्याचे काम अगदी तसेच सुरू होते, जसे साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी आपल्या सूर्याभोवती झाले.

कुळाचे वय बदलले

विज्ञानात हिशेब पुन्हा पुन्हा तपासावे लागतात. २०१२ मध्ये मार्क पेकॉट, एरिक ममाजेक आणि एरिक बुबार यांनी अनुराधेच्या कुळातल्या मोठ्या ताऱ्यांचा नव्याने अभ्यास केला आणि त्याचे वय ५० लाख नव्हे, तर सुमारे १ कोटी १० लाख वर्षे निघाले. पत्रिकेतली जन्मतारीखच चुकलेली! म्हणजे त्या १३ बटूंनी आपले अंगण मानले होते त्याच्या दुप्पट काळ सांभाळले होते.

त्याच वर्षी लुमन आणि ममाजेक यांनी याच कुळातले शेकडो सदस्य तपासले. सूर्यासारख्या आणि त्याहून मोठ्या ताऱ्यांपैकी दहा टक्के किंवा त्याहूनही कमी ताऱ्यांभोवती तबकडी उरली होती. सर्वांत लहान तारे आणि बटू यांच्यात मात्र हे प्रमाण साधारण पाव भाग होते. २००७चा ३७चा आकडा खाली आला, पण संशय खरा ठरला. लहानांची तबकडी जास्त टिकते.

याचे टोकाचे उदाहरण २०१६ मध्ये मिळाले, तेही हौशी मंडळींच्या मदतीने. 'डिस्क डिटेक्टिव्ह' या प्रकल्पात घरबसल्या हजारो चित्रे चाळणाऱ्या स्वयंसेवकांना एका छोट्या लाल बटूभोवती तबकडी सापडली. त्या ताऱ्याचे वय साडेचार कोटी वर्षांच्या आसपास! मोठे व्हायला तयार नसणाऱ्या अशा तबकड्यांना आता 'पीटर पॅन' म्हणतात. आमच्यासारख्या हौशी लोकांना यातून किती हुरूप येतो ते वेगळे सांगायला नको.

धुळीतून काय घडते?

अंगण टिकले, पण त्यात काही उगवते का? बटूची तबकडी हलकी असते. तिचे वस्तुमान बहुधा गुरूइतके किंवा त्याहून कमी. शिवाय गणित सांगत होते, की अशा तबकडीत खडे थोडे मोठे झाले की वायूच्या विरोधामुळे वेग गमावून आत सरकतील आणि बटूत पडतील. पण २०१२ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या 'आल्मा' दुर्बिणीने 'रो ऑफ १०२' या बटूभोवती मिलिमीटरएवढे, म्हणजे रवाळ वाळूसारखे, कण दाखवले. कण कुठेतरी अडून राहत होते, टिकत होते.

२०१७ मध्ये तर जगभर बातमी गाजली. चाळीस प्रकाशवर्षांवरच्या 'ट्रॅपिस्ट-१' या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराच्या आसपासचे सात ग्रह सापडल्याचे जाहीर झाले. हा तारा सूर्याच्या जेमतेम ९ टक्के वस्तुमानाचा, म्हणजे काठावर पास झालेला! त्याचे सात ग्रह अशाच एखाद्या छोट्या तबकडीतून घडले असणार.

'जेम्स वेब' दुर्बिणीने या तबकड्यांची चवही घेतली आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅमेलियनमधल्या सूर्याच्या ११ टक्के वस्तुमानाच्या एका ताऱ्याच्या तबकडीत बेंझिनसह कार्बनयुक्त अशी १३ संयुगे ओळखली गेली. सूर्यासारख्या ताऱ्यांच्या तबकड्यांत पाण्याची वाफ ठळक असते, इथे कार्बनचा वरचष्मा. म्हणजे लहानांच्या अंगणात घडणारे ग्रहही कदाचित वेगळ्या मातीचे असतील.

आणि २०२५ची बातमी तर ताजीच आहे. त्याच कॅमेलियनमध्ये 'चा ११०७-७६२६' नावाचा एकटाच फिरणारा गोळा आहे. वस्तुमान गुरूच्या केवळ पाच ते दहापट. त्याला बटूही म्हणायचे की नाही हा प्रश्नच. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो आपल्या तबकडीतून दर सेकंदाला सुमारे सहाशे कोटी टन ऐवज गिळत होता, काही महिन्यांपूर्वीपेक्षा आठपट वेगाने! अशी भूक आजवर फक्त ताऱ्यांमध्ये पाहिली होती. या अभ्यासातही शोल्झ आणि जयवर्धन हे दोघे होते. जवळजवळ वीस वर्षे ही माणसे याच लहानग्यांचा पाठपुरावा करत आहेत.

त्या मुलीला उत्तर

आता पुन्हा त्या मैदानात जाऊ. ज्येष्ठा म्हणजे थोरली. सूर्याच्या दहापटींहून जास्त वस्तुमान, प्रचंड तेज, आपल्या कुळाची शान. पण एवढ्या मोठ्या ताऱ्याचे इंधन झपाट्याने संपते. कुळाचे वय अवघे कोटभर वर्षे, आणि ज्येष्ठा आत्ताच म्हातारी होऊन लाल झाली आहे. खगोलशास्त्राच्या हिशेबाने लवकरच तिचा स्फोट होईल. आणि त्याच कुळात, तिच्या आसपास, साध्या डोळ्यांना न दिसणारे बटू बसले आहेत. त्यांतल्या काहींच्या अंगणातली धूळ अजून बसते आहे, खडे अजून जुळताहेत. थोरलीचा संसार आटोपत आला तरी या धाकट्यांचा अजून मांडलाच जातो आहे.

'नापास' हा शब्द आपण त्यांना एकाच परीक्षेवरून लावला: हायड्रोजनची भट्टी पेटली की नाही. कुमारांच्या गणितातली ती मर्यादा आजही खरी आहे, ती कोणी खोडलेली नाही. पण त्या एका परीक्षेबाहेर हे बटू काय करतात, ते कळायला आपल्याला धूळ बघावी लागली.

पुढच्या शिबिरात ती मुलगी भेटेलच. या वेळी माझे उत्तर तयार आहे. "अगं, फेल झाल्यावर ते घर मांडतात. आणि मोठ्या ताऱ्यांपेक्षा जास्त वेळ घेऊन, सावकाश मांडतात." ती बहुधा लगेच पुढचा प्रश्न विचारेल, आणि पुन्हा मला वर्षभर अभ्यास करावा लागेल. आजींना मात्र एवढे नक्की सांगणार आहे, की तुमच्या जन्मनक्षत्रात अजून पाळणे हलताहेत.